मारबतीच्या दिवशी खर्रा सोडला, आता कशातच मन लागत नाही

पत्र मोठं होतं, थोडक्यात देते. लिहिणारे ३३ वर्षांचे, नागपूरचे, वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिलिंग बघतात. एकोणिसाव्या वर्षी मित्रांसोबत खर्रा (चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू) सुरू झाला तो चौदा वर्षं चालला, शेवटी शेवटी दिवसाला पाच-सहा पन्न्या, म्हणजे पुड्या. पहिलीतली मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं हूं हूं करता, नीट बोलत का नाही?" तोंड भरलेलं असायचं म्हणून बोलत नव्हते. यंदा तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या महाल भागात मारबत, म्हणजे वाईट ते घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला गेले, सगळी गर्दी "घेऊन जा गे मारबत" ओरडत होती, यांनीही "खर्रा घेऊन जा गे मारबत" म्हटलं आणि खिशातली पन्नी तिथेच टाकली. तेव्हापासून हात लावला नाही. पत्र लिहिलं तेव्हा १९ दिवस झाले होते.

पुढे लिहितात, "पण आता कशातच मजा नाही मॅडम. गणपतीत दहा दिवस मंडळात बसलो पण मन नव्हतं. तर्री पोहे खाल्ले तरी काही वाटत नाही. बिलाचे आकडे दोन-दोनदा पाहतो तरी चूक निघते. बायकोवर काहून ओरडून राहिलो मलाच समजत नाही." ऑफिसातल्या एकाने रील दाखवलं की तंबाखूने डोपामिनचे रिसेप्टर जळून जातात आणि पंचविशीनंतर मेंदूत नवीन पेशी बनतच नाहीत. त्याच रीलखालच्या लिंकवरून २४०० रुपयांचा 'डोपामिन बूस्टर' पावडरचा डबा मागवला, तो अजून उघडलेला नाही. प्रश्न तीन आहेत. मेंदू कायमचा गेला का? पावडर घेऊ का? की तंबाखू नको, नुसती गोड सुपारी तोंडात ठेवू, निदान काम तरी नीट होईल?

भाऊ,

आधी एक सांगते, मी मानसोपचाराची डॉक्टर नाही, मी बरीच वर्षं मेडिकलच्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवली, म्हणजे औषध शरीरात जाऊन नेमकं काय करतं ते. त्यामुळे तुमच्या पत्रातला रिसेप्टर शब्द वाचला आणि मी चहा बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण हा शब्द तुम्हाला ज्याने शिकवला त्याने अर्धा शिकवला आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी डबा विकला.

मेंदू गेलेला नाही. एकोणीस दिवस तुम्ही ज्याला 'मेंदू बिघडला' म्हणून राहिलात, ते माझ्या मते मेंदू जुन्या मापावर परत येत असल्याचं लक्षण आहे. हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही, का म्हणते ते नीट सांगते, थोडं लांबेल.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरची प्रथिनाची जागा, जिथे ठराविक रसायन येऊन बसतं आणि पेशीला निरोप मिळतो. तुमच्याच ऑफिसच्या भाषेत बोलायचं तर लोडिंग पॉइंट. मेंदूत असिटिलकोलीन नावाचं रसायन आहे, त्याच्यासाठी बनवलेल्या काही पॉइंटवर निकोटिनचा ट्रकही नेमका बसतो, म्हणून त्या पॉइंटचं नावच निकोटिनिक रिसेप्टर पडलं. हे रिसेप्टर मेंदूच्या मध्यभागी खोलवर, डोपामिन बनवणाऱ्या पेशींवर भरपूर असतात. मेंदूत सगळे मिळून साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, त्यातले डोपामिनवाले फक्त काही लाख, पण त्यांचे धागे एवढे लांब आणि एवढ्या फांद्यांचे की हुरूप, हालचाल, लक्ष, सगळ्यांत त्यांचा हात असतो. निकोटिन बसलं की या पेशी जोरात चालू होतात आणि पुढे डोपामिन सोडतात.

आता फरक बघा. असिटिलकोलीन आलं की मेंदूतलं एक एन्झाइम त्याला काही मिलिसेकंदांत तोडून टाकतं, ट्रक आला, माल उतरवला, गेला. निकोटिनला ते एन्झाइम तोडत नाही, म्हणजे ट्रक पॉइंटवर उभाच. मग रिसेप्टर काय करतो, बंद पडतो, जाम होतो, निरोप घेईनासा होतो. जळत नाही, फक्त सुन्न होतो. आणि मेंदू बघतो की एवढे पॉइंट जाम झालेत, काम अडलंय, तर तो आणखी पॉइंट उघडतो. चौदा वर्षं रोज पाच-सहा खर्रे म्हटल्यावर तुमच्या मेंदूने अशा जागा वाढवूनच ठेवल्या असणार. रीलवाला म्हणतो डोपामिनचे रिसेप्टर जळून गेले, पण निकोटिन ज्यांवर बसतं त्या निकोटिनिक रिसेप्टरची गोष्ट उलटी आहे, ते वाढतात.

सकाळचा पहिला खर्रा सगळ्यात भारी का लागायचा, तेही इथेच आहे. निकोटिन दर दोनेक तासांनी रक्तातून निम्मं होत जातं, रात्रभरात बरंचसं निघून गेलं की सुन्न पडलेले रिसेप्टर जागे होतात आणि सगळे एकदम ट्रकची वाट बघत बसतात. तुम्ही मारबतीला ट्रक बंद केले. जास्तीचे पॉइंट अजून उघडेच आहेत, सगळीकडून एकच ओरड, माल कुठे आहे. चिडचिड, आकड्यांत चुका, मन न लागणं, भूक वाढणं, झोप तुटणं हे सगळं त्या ओरडीचं आहे. पहिल्या आठवड्यात ते सगळ्यात जास्त असतं, मग साधारण तीन-चार आठवड्यांत बऱ्यापैकी उतरतं. सिगारेट सोडलेल्या माणसांच्या मेंदूचं स्कॅन करून हे रिसेप्टर मोजलेत, त्यात ते साधारण ६ ते १२ आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आले. खर्राही निकोटिनच देतो, म्हणून मी तुमच्यासाठी हाच हिशोब धरते. मारबतीपासून मोजा, सहा आठवडे म्हणजे कोजागिरीच्या आसपास आणि बारा म्हणजे कार्तिक पौर्णिमेनंतरचे दहा-बारा दिवस. तुम्ही एकोणिसाव्या दिवशी निकाल मागून राहिलात.

हो आणि खर्ऱ्यातल्या चुन्याबद्दल पण सांगून टाकते, कारण माझ्या विद्यार्थ्यांनाही हे ऐकून आश्चर्य वाटायचं. पानठेल्यावाला पन्नीवर सुपारी-तंबाखू टाकतो, चुना लावतो आणि घोट घोट घोटतो, तो चुना चवीपुरता नसतो. चुन्याने ते मिश्रण अल्कधर्मी होतं आणि अल्कधर्मी झालं की निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून पटकन शिरतं. मग ते गालात अर्धा-अर्धा तास ठेवायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. म्हणजे मेंदूला जवळजवळ दिवसभर पुरवठा. तुमच्या मनाची ताकद कमी म्हणून सोडणं अवघड जातंय असं नाही, पुरवठाच एवढा पक्का होता.

दुसरं, डोपामिन म्हणजे आनंद, हे जे तुम्ही गृहीत धरलंय ते जरा तपासू. वोल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. आधी रस मिळाला की पेशी फडफडायच्या. मग रसाच्या आधी एक खूण दाखवायची सवय लावली, तर पेशी रसावर नाही, खुणेवरच फडफडायला लागल्या. आणि खूण दिसूनही रस आलाच नाही तर त्या नेहमीपेक्षाही गप्प झाल्या. डोपामिन म्हणजे 'येणार, येणार, ऊठ' असं सांगणारी गोष्ट आहे. आता तुमचा दिवस आठवा. ऑफिसातून चार वाजता बाहेर निघायचं, ठेल्यावर पन्नी घोटल्याचा तो घासघास आवाज, जर्द्याचा वास, चार लोकं उभी. ही खूण आजही रोज येते आणि त्यामागून काही येत नाही. चार वाजता जो खड्डा वाटतो ना, तो हा. मग गणपतीच्या मांडवात मन लागलं नाही यात नवल काय, मंडळात बसणं आणि गालात खर्रा हे चौदा वर्षं एकत्रच होतं.

डोपामिनचे स्वतःचे रिसेप्टर पाच प्रकारचे, डी१ ते डी५. डी१ आणि डी५ पेशीच्या आतली हालचाल वाढवतात, डी२, डी३, डी४ कमी करतात. आणि डी२ तर डोपामिन सोडणाऱ्या पेशीच्या अंगावरही असतात, म्हणजे पेशी आपण किती सोडलं ते स्वतःच चाखून बघते आणि जास्त झालं तर नळ बंद करते. एवढी बारीक वजनमाप असलेली यंत्रणा आहे ही, म्हणूनच 'डोपामिन वाढवा' हे वाक्य मला खटकतं. कुठलं वाढवा, कुठे, कुठल्या रिसेप्टरवर?

म्हणून तुमच्या डब्याकडे येते. १९५७ ला स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. रेसर्पिन आपल्या सर्पगंधेतून निघालेलं औषध. ससे मरगळून पडले, हलेनात. मग त्यांना एल-डोपा टोचलं आणि थोड्या वेळात ते उठून हिंडायला लागले. यातूनच डोपामिन हे मेंदूतलं स्वतंत्र निरोप्या रसायन आहे हे पुढे आलं, २००० साली त्यांना नोबेल मिळालं. एल-डोपा का दिलं, थेट डोपामिन का नाही? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी गाळणी आहे तिच्यातून डोपामिन जात नाही, एल-डोपा जातं आणि आत जाऊन त्याचं डोपामिन बनतं. तर डब्यात कुणी डोपामिन घातलं असतं तरी ते मेंदूत गेलंच नसतं. अशा पावडरींमध्ये बऱ्याचदा टायरोसिन, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो प्रथिनातला घटक, असतं नाहीतर कवचबीज, म्हणजे आपली खाजकुइरी. वरण-भात, दूध, अंडी खाणाऱ्या माणसाला टायरोसिन जेवणातून मिळतंच. आणि खाजकुइरीच्या बियांत खरोखरचं एल-डोपा असतं, तेच जे पार्किन्सनच्या रुग्णाला डॉक्टर मोजून देतात, त्याने मळमळ होते, ब्लड प्रेशर पडतं, दुसऱ्या औषधांशी त्याचं जुळत नाही. असं औषध किती आहे हे न कळता चमच्याने घ्यायचं? शिवाय तुमची अडचण डोपामिन संपल्याची नाहीच, वाढलेल्या निकोटिनिक रिसेप्टरची आहे. डबा परत होत असेल तर परत करा, नाही झाला तर २४०० गेले समजा पण उघडू नका.

आता सुपारी. इथे मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका.

माझा मोठा भाऊ आयुष्यभर म्हणायचा, मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो, मग काय होते. घरात सगळ्यांना तेच वाटायचं, मलाही, मी औषधशास्त्र शिकवत असूनसुद्धा मी त्याला अडवलं नाही, हे मला आजही बोचतं. आधी त्याला तिखट झोंबायला लागलं, मग ठेचा सुटला, मग पोळीचा मोठा घास जाईना. डेंटिस्टकडे नेलं तेव्हा तोंडात दीड बोट जात होतं. गालाची आतली कातडी दोरीसारखी कडक झालेली, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आता वरण-भात मऊ कालवून लहान चमच्याने खातो. ती कडक झालेली कातडी पूर्ण पहिल्यासारखी होत नाही आणि त्यात कॅन्सर व्हायचा धोका वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीही माणसात कॅन्सर करते असं स्पष्ट नोंदवलंय.

आणि मेंदूच्या बाजूने बघितलं तरी सुपारी म्हणजे सुटका नाही. सुपारीतलं आरेकोलीन मुख्यतः दुसऱ्या जातीच्या असिटिलकोलीन रिसेप्टरवर बसतं, पण प्रयोगशाळेत दिसलंय की ते निकोटिन जिथे बसतं त्या रिसेप्टरलाही थोडं चालू करतं. म्हणजे तुम्ही मोठा ट्रक बंद केला आणि त्याच पॉइंटवर टेम्पो लावला. पॉइंट बंद होणार कसे? वर आवाज तोच, ठेला तोच, गालात ठेवायची सवय तीच, आठ दिवसांत कुणीतरी म्हणेल थोडी तंबाखू टाकू का. गोड सुपारी नको, बडीशेप ठेवा, लवंग ठेवा, भाजलेली जवस-तीळ ठेवा.

तर्री पोह्यांचं तुम्ही लिहिलं तिथे मी अडकले. 'काही वाटत नाही' म्हणजे नुसता मूड नाही, की तोंडात झोंबतं म्हणून तर्री कमी घेता? दोन्ही वेगळं आहे. आरशासमोर उभं राहा, तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून आत जातात का बघा. जात नसतील, तिखट आधीपेक्षा जास्त झोंबत असेल, गालात पांढरट पट्टे दिसत असतील किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल तर उशीर करू नका. आणि जात असतील तरी एकदा दाखवाच, मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, सकाळी ओपीडीत जा, चौदा वर्षं खर्रा खाल्ला हे न लाजता सांगा.

नवीन पेशींचं तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही आणि मला तुम्हाला खोटी आशाही द्यायची नाही. मोठेपणी मेंदूत नवीन न्यूरॉन बनत नाहीत हे बरीच वर्षं सगळेच मानायचे. १९६५ ला जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी साठवायला मदत करणाऱ्या भागात, नवीन न्यूरॉन दिसल्याचं सांगितलं. १९९८ ला मोठ्या माणसांच्या मेंदूतही दिसले. २०१३ ला अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून पेशींचं वय काढलं आणि एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज साधारण ७०० नवीन न्यूरॉन असा अंदाज आला. मग २०१८ ला एका गटाने म्हटलं, मोठ्या माणसांत आम्हाला एकही दिसला नाही, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने म्हटलं, म्हातारपणीही दिसतात. वाद चालू आहे. म्हणजे 'पंचविशीनंतर बनतच नाहीत' हे ठासून सांगणारा रीलवाला जेवढा चुकतो, तेवढाच 'आमच्या पावडरीने नवीन पेशी उगवा' म्हणणाराही.

तुमच्या कामाचं त्यातलं एवढंच. डोपामिनचे रिसेप्टर या कोवळ्या, विभागणाऱ्या पेशींवरही असतात, प्राण्यांमध्ये डोपामिन कमी केलं की त्यांचं विभागणं मंदावतं असं २००४ च्या अभ्यासात दिसलं. आणि २००२ मध्ये, स्वतःहून निकोटिन घ्यायची सवय लागलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पसमधले नवीन न्यूरॉन कमी भरले. उलट १९९९ मध्ये पिंजऱ्यात पळायचं चाक दिलेल्या उंदरांत ते वाढले. माणसांचं विचाराल तर २०११ चा एक अभ्यास मला आवडतो, १२० वयस्कर माणसं, त्यातल्या अर्ध्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भरभर चालायला लावलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा थोडा घटला. ते नवीन न्यूरॉननेच वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण मेंदू चाळिशी-पन्नाशीत दगड होत नाही एवढं तर नक्की. आणि तुमचं बरं होणं नवीन पेशींवर टांगलेलंच नाहीये भाऊ, आहेत त्याच पेशींवरचे रिसेप्टर आवरले की काम होतं.

मग करायचं काय. सगळ्यात आधी चार वाजताचं बघा, कारण तीच तुमची खूण आहे. महिनाभर चार वाजता ठेल्याच्या बाजूने बाहेर पडूच नका, दुसऱ्या गेटने निघा, शक्य असेल तर त्या वेळी कुणाला तरी फोन लावा, खर्रा न खाणाऱ्याला. तलफ बहुतेकदा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, चाला. बिलाचं अवघड काम सकाळी करा आणि मालकाला सरळ सांगा की मी खर्रा सोडलाय, महिनाभर माझे आकडे एकदा कुणीतरी बघा, यात कमीपणा काही नाही. संध्याकाळी फुटाळ्यावर नाहीतर अंबाझरीला चाळीस मिनिटं चाला, मुलीला सायकल घेऊन सोबत न्या. बायकोला हे पत्र वाचायला द्या, ओरडणं तिच्यामुळे नाही हे तिला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.

एवढ्यानेही जमत नसेल, हात ठेल्याकडे जात असेल तर औषधं आहेत आणि ती घेण्यात हार नाही. निकोटिन गम असतं, तेही निकोटिनच, पण हळू, मोजून आणि कमी कमी करत जायचं, ते खर्ऱ्यासारखं चावत सुटायचं नसतं, दोन-चारदा चावून गालात ठेवायचं, परत चावायचं, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कोल्ड्रिंक नको. तोंड उघडायला त्रास असेल तर गमबद्दल आधी डेंटिस्टला विचारा. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी त्याच निकोटिनिक रिसेप्टरवर बसते पण त्याला अर्धवटच चालू करते, म्हणजे ओरड थांबते आणि वरून निकोटिन आलं तरी त्याला जागा नसते. ती डॉक्टरने लिहून दिली तरच घ्यायची. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत.

आणि एक गोष्ट मला पत्रावरून कळली नाही, ती तुम्हीच बघा. दिवसातला बहुतेक वेळ उदास वाटतं, रोजच, दोन आठवडे झाले तरी उतरत नाही, झोप पार गेलीय, आपण नसलो तर बरं असं मनात येतं, यातलं काही असेल तर ते नुसतं खर्रा सुटल्याचं समजून बसू नका. कधीकधी आधीपासूनचं डिप्रेशन खर्ऱ्याखाली झाकलेलं असतं आणि सोडल्यावर उघडं पडतं. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात दाखवा, आणि रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते. मनात जीव द्यायचे विचार असतील तर वाट बघू नका, त्याच क्षणी लावा.

मधे एखाद्या दिवशी चुकून खाल्लाच तर मारबतीपासूनचा सगळा हिशोब फुकट गेला असं समजून पुढच्या चार पन्न्या घेऊ नका, दुसऱ्या दिवशी परत तिथूनच चालू करा. दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी सुपारीचं तबक येईल, पाहुण्यांकडेही येईल, ते आधीच घरात सांगून ठेवा.

डेंटल कॉलेजला जाऊन आलात की मला दोन ओळी लिहा, बोटं किती गेली ते आधी सांगा.